ब्लूजसाठी पहिली सेकंड-हँड हंबकर गिटार: नेकपासून पारखायची कशी

सेकंड-हँड गिटारचा पिकअप (तारांचं कंपन विजेत बदलणारा भाग) बदलता येतो. खरखरणारं पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या बटणामागचा भाग), सैल जॅक, गंजलेले स्क्रू हे सगळं कुठलाही बरा दुरुस्तीवाला एका दुपारी नीट करून देतो. पण नेकला (गिटारच्या मानेला) पीळ पडला असेल, ट्रस रॉड (नेकचा बाक सांभाळणारी आतली सळई) संपलेला असेल किंवा हेडस्टॉक (नेकचं चाव्यांकडचं टोक) तुटून कसाबसा चिकटवलेला असेल, तर दुरुस्तीचा खर्च गिटारच्या किमतीला भिडतो. म्हणून या लेखात पारखण्याचा क्रम नेकपासून सुरू होतो आणि रंग-पॉलिश सर्वांत शेवटी येतं. जाहिरातीतले फोटो नेमके उलट्या क्रमाने काढलेले असतात, हे लक्षात ठेवा.

हंबकरने नेमकं काय मिळतं

आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची. ट्यूबलाइट, पंख्याचा रेग्युलेटर, मोबाइलचा चार्जर यांच्याभोवतीचं क्षेत्र सिंगल-कॉइल पिकअपची एकुलती एक गुंडाळी पकडते आणि अँपमधून सतत गुणगुण ऐकू येते. गिब्सन कंपनीतले सेथ लव्हर यांनी यावर उपाय शोधून १९५५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. तोच हंबकर: दोन गुंडाळ्या शेजारी-शेजारी, एकीच्या चुंबकाची दिशा दुसरीच्या उलट आणि जोडणीही उलट. बाहेरून आलेली गुणगुण दोन्हींत परस्परविरुद्ध येते आणि मिटते. तारेचा स्वर मात्र दोन्हींतून एकाच दिशेने येऊन भक्कम होतो. १९५७ मध्ये हे पिकअप गिब्सनच्या लेस पॉल गिटारवर बसू लागले आणि १९५९ मध्ये पेटंट मिळालं. सुरुवातीच्या पिकअपखाली ‘पेटंट अप्लाइड फॉर’ अशी पट्टी चिकटवलेली असायची, म्हणून त्यांना आजही पीएएफ म्हणतात. जाहिरातीत ‘पीएएफ-सारखे पिकअप’ असं वाचलंत तर त्याचा अर्थ मध्यम ताकदीचे, अंदाजे साडेसात ते साडेआठ किलोओहम रोधाचे पिकअप.

ब्लूजला हेच चांगले. चौदा-सोळा किलोओहमचे जोरकस पिकअप मेटलसाठी गुंडाळलेले असतात. त्यांच्यावर व्हॉल्यूम उतरवला की आवाज साफ व्हायच्या ऐवजी बऱ्याचदा मळकट होतो, आणि ब्लूजमध्ये तर उजव्या हाताच्या जोरावर आणि व्हॉल्यूमच्या बटणावरच निम्मं वादन चालतं.

हंबकरशिवाय ब्लूज होत नाही असं मुळीच नाही. ब्लूज गिटारवादक बडी गाय आयुष्यभर प्रामुख्याने सिंगल-कॉइलची फेंडर स्ट्रॅटोकास्टर वाजवत आले. २०११ मध्ये मुंबईत मेहबूब स्टुडिओत पहिला महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल झाला, तेव्हा तो आवाज इथल्या श्रोत्यांनी समोर बसून ऐकला. पण तुमच्या कानात बी. बी. किंग, अल्बर्ट किंग किंवा १९६६च्या आसपासचा एरिक क्लॅप्टन घुमत असेल, तर तुम्हाला हवी असलेली जाड, गोल, किंचित नाकातली सुरावट हंबकरची आहे.

आणि ती बहुतेक वेळा नेककडच्या हंबकरची आहे. गिटार निवडताना इथे बरेच जण फसतात. बाजारात ‘हंबकरवाली’ म्हणून मिळणाऱ्या कितीतरी गिटारांत फक्त ब्रिजकडे (तारा गिटारच्या अंगावर जिथे टेकतात तिकडे) हंबकर असतो, बाकी दोन सिंगल-कॉइल. यामाहा पॅसिफिका ११२ हे त्याचं ठळक उदाहरण. गिटार म्हणून ती उत्तम आहे, पण नेककडचा जाड, उबदार सूर तिच्याकडे मागू नका. फोटोत नेककडची बाजू बघा: दोन रांगांचा रुंद पिकअप हवा. दुसरा गोंधळ पी-९०चा. साबणाच्या वडीसारखा दिसणारा हा पिकअप रुंद असला तरी सिंगल-कॉइल आहे. फ्रेडी किंगनी सुरुवातीचं रेकॉर्डिंग पी-९० असलेल्या सोनेरी लेस पॉलवर केलं, नंतर ते हंबकरच्या ईएस-३४५ कडे गेले. दोन्ही आवाज सुंदर, पण तुम्ही कशाचे पैसे देताय ते ठाऊक हवं.

कोणता आकार, कोणतं मॉडेल

पहिल्या गिटारसाठी मी तीन घराणी सुचवेन. एपिफोन हा गिब्सनचाच स्वस्त ब्रँड; त्याची लेस पॉल (स्टँडर्ड किंवा स्टुडिओ) सेकंड-हँड बाजारात सहज दिसते आणि पुन्हा विकायलाही सोपी. स्वर लांब टिकतो, वजन मात्र चार किलोच्या आसपास जाऊ शकतं. एपिफोनची एसजी हलकी, वरच्या फ्रेटपर्यंत (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) हात सहज जातो, पण पट्टा लावून उभं राहिलं की नेक खाली झुकू पाहते. तिसरं घराणं सेमी-हॉलोचं: एपिफोन डॉट, आयबनेझ एएस७३ आणि त्यांच्या बहिणी. या सगळ्यांचं मूळ १९५८च्या गिब्सन ईएस-३३५ मध्ये आहे. आतून मधोमध लाकडाचा ठोकळा, दोन्ही बाजू पोकळ. ब्लूजसाठी मला स्वतःला हाच आकार सर्वांत प्रिय आहे. अँपशिवाय घरी रात्री वाजवली तरी ती बोलते. मोठ्या आवाजात पोकळ अंगामुळे शिट्टी लागण्याचा धोका असतो. बी. बी. किंग त्यासाठी वरच्या एफ-आकाराच्या छिद्रांत कापड कोंबत, आणि १९८० मध्ये गिब्सनने त्यांच्या नावाचं ल्युसिल मॉडेल काढलं तेव्हा ती छिद्रं ठेवलीच नाहीत. घरच्या छोट्या अँपवर तुम्हाला हा त्रास होणार नाही.

कॉर्टच्या सीआर मालिकेतल्या गिटार फारशा मिरवल्या जात नाहीत, पण किमतीच्या मानाने बांधणी प्रामाणिक असते. एपिफोन लेस पॉल स्पेशल-टू मध्ये एकच व्हॉल्यूम आणि एकच टोन आहे, नेक बोल्टने जोडलेली. बजेट अगदी तुटपुंजं असेल तर ती चालेल.

फ्लॉइड रोज पद्धतीचा, तारा कुलूपबंद करणारा तरंगता ब्रिज असलेली गिटार पहिली म्हणून घेऊ नका. एका तारेचा ताण बदलला की बाकी पाचही सरकतात, आणि तुमचा सरावाचा वेळ सुरात लावण्यात जातो.

एक मोजमापाची गोष्ट. गिब्सन-घराण्यात तारेची लांबी साधारण ६२८ मिलिमीटर, फेंडर-घराण्यात ६४८. लांबी कमी असली की त्याच जाडीची तार त्याच सुरात थोड्या कमी ताणावर राहते आणि बोटाने ओढायला सोपी जाते. नवख्या बोटांना हा फरक पहिल्याच आठवड्यात जाणवतो.

शोध सुरू करण्याआधी एकदा नवी गिटार हातात घेऊन या. मुंबईत असाल तर धोबी तलावच्या फुर्ताडोससारख्या दुकानात, इतरत्र असाल तर जवळच्या मोठ्या दुकानात. याच घराण्यातली एखादी गिटार मागून अर्धा तास वाजवा. निर्दोष नेक बोटांना कशी लागते हे माहीत असल्याशिवाय सदोष नेक ओळखता येत नाही. दुकानातच नव्या मॉडेलची आजची किंमतही कळते, आणि तीच पुढच्या सौद्याचा पाया.

बघायला जाण्याआधी

ओएलएक्स, फेसबुकवरचे खरेदी-विक्रीचे गट आणि गिटारच्या क्लासमधली ओळख, हे तीन मुख्य रस्ते. तिसरा सर्वांत चांगला, कारण क्लासच्या सरांना कुणाची गिटार कपाटात पडून आहे ते ठाऊक असतं.

जाहिरात आवडली की लगेच भावावर येऊ नका. असा निरोप पाठवा: “नमस्कार, गिटार अजून आहे का? तुम्ही नवी घेतली होती की कुणाकडून? हेडस्टॉक किंवा नेक कधी दुरुस्त केली आहे का? पिकअप, ब्रिज, ट्यूनिंगच्या चाव्या मूळच्याच आहेत ना? बिल आहे का? हेडस्टॉकच्या मागचा, नटच्या खालचा फोटो आणि पहिल्या पाच फ्रेटचा जवळून फोटो पाठवाल का?” (नट म्हणजे हेडस्टॉकपाशी तारा ज्या खाचांतून जातात ती छोटी पट्टी.) जपून वाजवणारा माणूस या निरोपाला खुशीने उत्तर देतो. फोटो टाळणाऱ्याची गिटार बघायला जाण्यात अर्थ नाही.

आगाऊ पैसे पाठवू नका, ‘फक्त बुकिंग’ म्हणूनही नाही. पैसे घेण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिनही टाकावा लागत नाही; तसं सांगणारा माणूस फसवतोय. गिटार दिवसाउजेडी, वीज असलेल्या ठिकाणी, शक्यतो विकणाऱ्याच्या घरी बघा. अँप आहे का ते आधी विचारा, नसेल तर हेडफोनचा छोटा अँप उसना घेऊन जा.

आणखी एक फोन करा, तुमच्या गावातल्या किंवा जवळच्या शहरातल्या गिटार दुरुस्त करणाऱ्याला. सेटअप (नेकचा बाक, तारांची उंची वगैरे जुळवणं), फ्रेट समतल करणं, फ्रेट पूर्ण बदलणं आणि नवा नट, या चार कामांचे दर विचारून वहीत लिहा. सौदा करताना या चार आकड्यांइतकं दुसरं काहीच कामाला येत नाही.

पिशवीत हवं: स्वतःची चांगली केबल, बॅटरी (टॉर्च), मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी, ट्यूनर, छोटा स्क्रूड्रायव्हर आणि मिळाला तर मल्टिमीटर.

नेक

गिटार हातात आली की आधी वाजवू नका. उलटी करून हेडस्टॉक जिथे नेकला मिळतो ती जागा बॅटरीच्या उजेडात बघा. गिब्सन-पद्धतीच्या गिटारांत हेडस्टॉक मागे कललेला असतो, लाकडाचे तंतू तिथे आडवे कापले जातात आणि वरून ट्रस रॉडसाठी खाचही कोरलेली असते. म्हणजे सगळ्यांत कमी लाकूड नेमकं सगळ्यांत जास्त ताणाच्या जागी. गिटार स्टँडवरून पालथी पडली की ती इथेच तुटते. बोटाचं नख हळूच फिरवा. वार्निशची बारीक भेग आणि लाकडाची तडा यात फरक असतो: तडा नखाला अडते, आणि हेडस्टॉक दोन बोटांनी अलगद दाबला तर तिची रेष हलते. रंगाचा एखादा पट्टा आजूबाजूपेक्षा नवा किंवा जाड दिसला तर थेट विचारा. चांगली चिकटवलेली तड वर्षानुवर्षं टिकते हे खरं आहे, पण अशा गिटारची किंमत अर्ध्यावर यायला हवी, आणि पहिल्या खरेदीत मी त्या वाटेला जाणार नाही.

मग सुतार फळीची धार डोळ्याला लावून बघतो तशी नेक बघा. गिटार ब्रिजकडून उचलून दोन्ही कडांवरून नटकडे नजर टाका. दोन्ही कडा सारख्याच वळल्या आहेत ना? एक कड सरळ आणि दुसरी वाकलेली, म्हणजे नेकला पीळ आहे. गिटार परत द्या, आभार माना आणि निघा.

सारखा बाक असेल तर तो मोजा. सहाव्या, म्हणजे सर्वांत जाड तारेला (पहिली सर्वांत बारीक) पहिल्या फ्रेटवर एका हाताने आणि नेक जिथे अंगाला मिळते तिथल्या फ्रेटवर दुसऱ्या हाताने दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात कागदाच्या दोन-तीन पानांइतकी, म्हणजे ०.२ ते ०.३ मिलिमीटर फट हवी. फट मोठी असणं हा दोष नाही, ट्रस रॉड कसला की ती कमी होते. प्रश्न एवढाच की रॉड अजून कसता येतो का. विकणाऱ्याच्या परवानगीने रॉडवरचं झाकण काढा. रॉड कसायच्या नटाच्या कडा गोल झालेल्या असतील, किंवा तो पार शेवटापर्यंत कसलेला असून नेक तरीही वाकलेली असेल, तर रॉड संपला. रॉड स्वतः फिरवू नका. विकणाऱ्याला पाव फेऱ्यापेक्षाही कमी फिरवून दाखवायला सांगा.

आता तारांची उंची. बाराव्या फ्रेटवर फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत पट्टी लावा. सहावी तार दोन मिलिमीटरच्या आसपास, पहिली दीडच्या आसपास असली की छान. जास्त असेल तर ब्रिज खाली घेता येतो, पण तो किती खाली जाऊ शकतो ते बघाच. दोन्ही बाजूंची चाकं अंगाला टेकलेली आहेत आणि तारा तरीही उंच आहेत, म्हणजे अंगाला नेक ज्या कोनात जोडली आहे तो कोन बिघडला आहे. बोल्टच्या नेकखाली पातळ पट्टी घालून हे सुधारतं. डिंकाने जोडलेल्या नेकमध्ये, आणि लेस पॉल, एसजी, सेमी-हॉलो यांत ती बहुधा तशीच असते, हे काम फार महाग पडतं.

फ्रेट आणि ओढलेला स्वर

ब्लूजसाठीची परीक्षा इथे सुरू होते, आणि मराठी कानाला ती चटकन कळेल. ब्लूजचा जीव ज्या गंधारात आहे तो कोमलही नसतो आणि शुद्धही नसतो. कोमल गंधारावर बोट ठेवून तार किंचित ओढायची आणि दोन श्रुतींच्या मधे थांबायचं. सतारीवरच्या मींडेशी त्याचं नातं उघड आहे. ही जागा मोकळी बोलली नाही तर गिटारवर ब्लूज उमटणार नाही, मग पिकअप कितीही भारी असू दे.

आधी सहाही तारांवर प्रत्येक फ्रेट एकेकदा वाजवा. २२ फ्रेट आणि सहा तारा म्हणजे १३२ स्वर, पाच-सात मिनिटांचं काम. गप्पा मारत करू नका. एखादा स्वर शेजारच्यापेक्षा लवकर मरत असेल, झणझणत असेल किंवा पुढच्या फ्रेटचाच स्वर देत असेल तर ती जागा लिहून ठेवा. मग ओढून बघा. ए (A) हा षड्ज धरा. तिसऱ्या तारेवर पाचवा फ्रेट हा कोमल गंधार, तो पाव-अर्धा स्वर ओढा. त्याच तारेवर सातव्या फ्रेटवरचा मध्यम पूर्ण स्वर ओढून पंचमावर न्या. दुसऱ्या तारेवर आठव्या फ्रेटवरचा कोमल निषाद ओढून षड्जाला भिडवा. नंतर बी. बी. किंगची लाडकी जागा: दुसऱ्या तारेवर दहाव्या फ्रेटवर षड्ज, बाराव्यावर ऋषभ. तो ऋषभ ओढत शुद्ध गंधारापर्यंत न्या आणि वर पोचल्यावर हलवत ठेवा. शेवटी पहिल्या तारेवर बाराव्यापासून सतराव्यापर्यंत प्रत्येक फ्रेट पूर्ण स्वर ओढा.

ओढताना स्वर मध्येच गुदमरून बंद पडला तर तार वरच्या कुठल्यातरी फ्रेटला टेकते आहे. कारण दोनपैकी एक: तारा फारच खाली ठेवल्यात, किंवा एखादा फ्रेट वर आलाय. पहिलं सेटअपने जातं, दुसऱ्यासाठी फ्रेट समतल करावे लागतात. गिब्सन-घराण्यातली फ्रेटपट्टी बरीच सपाट, साधारण १२ इंच त्रिज्येची असते, त्यामुळे तिच्यावर ओढलेला स्वर सहसा गुदमरत नाही. तरीही एखादीवर गुदमरत असेल तर फ्रेटकडे बारकाईने बघा.

झीज बघायला गिटार उजेडात तिरकी धरा. तारांखाली फ्रेटच्या माथ्यावर खाचा दिसतात. पहिल्या तीन-चार फ्रेटवर कॉर्ड धरून पडलेल्या हलक्या खाचा नेहमीच्याच. खाच इतकी खोल असेल की ओढताना तार तिच्यात अडखळते, तर समतल करण्याचा खर्च धरा. सगळेच फ्रेट बसके आणि सपाट दिसले तर ते आधीही घासले गेलेत, आता पूर्ण बदलावे लागतील. स्वस्त गिटारसाठी एवढा खर्च परवडत नाही.

नागपूर-अकोल्याकडच्या वाचकांसाठी एक खास सूचना. कोरड्या उन्हाळ्यात फ्रेटपट्टीचं लाकूड आकसतं, फ्रेटचा धातू आकसत नाही, आणि फ्रेटची टोकं कडेला टोचायला लागतात. हात नेकच्या कडेवरून वरखाली फिरवा. टोचतंय म्हणजे गिटार बिघडली असं नाही, टोकं कानसून घेतली की झालं. तेवढे पैसे भावातून मागा. मुंबईच्या दमट हवेतली गिटार विदर्भात नेलीत तरी पहिल्या उन्हाळ्यात हेच होऊ शकतं.

सूर टिकतो का

गिटार सुरात लावा. तिसरी तार पूर्ण स्वर आठ-दहा वेळा ओढा आणि ट्यूनर बघा. थोडी उतरली तर काळजी नको. फार उतरली, किंवा चावी फिरवताना नटमधून ‘टिंग’ असा आवाज आला, तर तार नटच्या खाचेत अडकते आहे. तीन-तीन चाव्यांच्या हेडस्टॉकवर मधल्या तारा नटपाशी बाजूला वळतात, म्हणून तिसरी आणि चौथी तार हा त्रास जास्त देतात. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासलं की पुष्कळदा भागतं. चाव्या हाताने हलवून बघा, मोकळ्या डुलत असतील तर बदलाव्या लागतील.

ब्रिजकडे बाजूने बघा. दोन्ही खांब सरळ उभे हवेत, तारांच्या ओढीने पुढे कललेले नकोत. ब्रिज मधोमध बसलेला असेल, म्हणजे मधल्या तारा बाहेरच्यांपेक्षा खाली दिसत असतील, तर तो बदलायचा. हा सुटा भाग आहे, त्यासाठी सौदा मोडू नका. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेने ब्रिजचे बारीक स्क्रू जागीच गंजून बसतात. एखादा फिरतो का ते बघा.

विजेची बाजू

अँप साफ आवाजावर ठेवा, रिव्हर्ब (घुमारा) आणि डिस्टॉर्शन (आवाज फाटल्यासारखा करणारा परिणाम) बंद. विकणारा बहुधा डिस्टॉर्शन लावूनच दाखवतो, आणि त्यात निम्मे दोष लपतात. नेकचा पिकअप निवडा, व्हॉल्यूम दहावर. वाजवत राहा आणि व्हॉल्यूम हळूहळू तीनवर आणा: खरखर येते का, आवाज मध्येच तुटतो का? टोनचंही तसंच. खरखर बहुधा कॉन्टॅक्ट क्लीनरच्या फवाऱ्याने जाते. पावसाळ्याच्या दमटपणात पडून राहिलेल्या गिटारमध्ये ती असतेच. केबल जॅकपाशी हलवून बघा, स्विच मागेपुढे करा.

मधल्या स्थितीत, दोन्ही पिकअप एकत्र असताना, आवाज एकदम पातळ आणि नाकात आला तर दोन पिकअप परस्परविरुद्ध जोडलेत, किंवा एकाचा चुंबक उलटा बसलाय. ब्लूज गिटारवादक पीटर ग्रीनच्या १९५९च्या लेस पॉलमध्ये नेककडच्या पिकअपचा चुंबक असाच उलटा होता, आणि तो मधल्या स्थितीचा आवाज त्यांची ओळख बनला. तुम्हाला तो आवडत असेल तर भाग्य समजा. नसेल तर दुरुस्ती सोपी आहे, फक्त विकणाऱ्याला दोष दाखवा.

आवाज अगदी कमी करून स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने पिकअपच्या दोन्ही रांगांवरच्या खिळ्यांना हळूच स्पर्श करा. दोन्ही रांगांतून सारखाच ‘टक’ आला पाहिजे. एकीतून आला आणि दुसरी गप्प, तर एकच गुंडाळी चालू आहे, म्हणजे हंबकर नावापुरता. काही गिटारांत बटण वर ओढलं की मुद्दाम एकच गुंडाळी चालू राहते, ते आधी बघा. मल्टिमीटर असेल तर केबल गिटारला लावा, दुसऱ्या टोकाच्या प्लगच्या टोकावर आणि दांड्यावर कांड्या ठेवा, व्हॉल्यूम पूर्ण. नेकचा साधारण सात-आठ किलोओहम, ब्रिजचा तेवढाच किंवा जास्त, मधल्या स्थितीत साधारण निम्मा आकडा येतो. बॅटरीवर चालणाऱ्या पिकअपना ही मोजणी लागू नाही.

तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर ठीक आहे, गिटारचं अर्थिंग ब्रिजपर्यंत पोचलंय. वाढली तर आतली एखादी तार सुटलेली असू शकते. आणि तारांना हात लावताच झिणझिण्या आल्या तर तत्काळ थांबा. दोष बहुधा गिटारचा नसतो, अँपचा किंवा घरातल्या सॉकेटचा असतो. जुन्या घरांत तीन पिनच्या सॉकेटला अर्थिंगची तार जोडलेलीच नसते, आणि दोन पिनच्या ॲडॉप्टरमुळे अर्थिंग तुटतं. घरी अँप लावण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून सॉकेट तपासून घ्या. ही जिवाची गोष्ट आहे.

हेडस्टॉकवर ‘गिब्सन’ लिहिलेलं असेल तर

स्वस्तात मिळणारी गिब्सन जवळजवळ नेहमी नकली असते. खऱ्या गिब्सनच्या ट्रस रॉडवरचं झाकण दोन स्क्रूंचं असतं, नकलींवर पुष्कळदा तीन. झाकणाखाली खऱ्यात पितळी षट्कोनी नट, नकलीत बहुधा ॲलन-कीचं छिद्र. १९७७ नंतरच्या बहुतेक अमेरिकी गिब्सनवर आठ किंवा नऊ आकडी क्रमांक ठसवलेला असतो. आठ आकडी असेल तर त्यातला पहिला आणि पाचवा आकडा मिळून वर्ष, दुसरा-तिसरा-चौथा मिळून त्या वर्षातला दिवस. ३६६ पेक्षा मोठा दिवस आला तर पुढे बोलायची गरज नाही. मात्र नकली करणारे खरे क्रमांकही उचलतात, म्हणून फक्त क्रमांकावर विसंबू नका. प्रामाणिकपणे ‘एपिफोन’ लिहिलेली गिटार अशा गिब्सनपेक्षा केव्हाही चांगली.

भाव

माझा ठोकताळा असा: दोन-चार वर्षं जपून वापरलेल्या गिटारला आजच्या नव्या किमतीच्या ६० टक्क्यांच्या आसपास, आणि फ्रेट झिजलेल्या जुन्या गिटारला ४० ते ४५ टक्के. त्यातून वहीतले दुरुस्तीचे दर वजा करा. विकणाऱ्याला आकडा फेकून मारू नका. “दादा, गिटार आवडली. पण सातव्या ते दहाव्या फ्रेटवर स्वर गुदमरतोय, समतल करायला इतका खर्च सांगितलाय, त्यात थोडं सांभाळून घ्या,” असं जागा दाखवून बोललं की बहुतेक माणसं ऐकतात. पिकअप बदलल्याबद्दल जास्त पैसे मागितले तर देऊ नका, मूळचे पिकअप सोबत मिळत असतील तरच विचार करा. हार्ड केस मिळत असेल तर तिची वेगळी किंमत जरूर धरा. आपल्या पावसाळ्यात तिचा उपयोग पिकअपच्या नावापेक्षा जास्त आहे.

पैसे दिल्यावर गिटारचा क्रमांक, दोघांची नावं, रक्कम आणि तारीख एका कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. मूळ बिल असेल तर मागून घ्या.

घरी आणल्यावर

नव्या तारा लावा, १० ते ४६ जाडीच्या (हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागात). बोटं फार दुखत असतील तर ९ ते ४२ ने सुरुवात करा, लाजायचं कारण नाही. मग सेटअप करून घ्या, तोही तारा बदलल्यावरच, कारण तारांची जाडी बदलली की नेकचा बाक बदलतो. पावसाळ्यात गिटार भिंतीवर टांगू नका, विशेषतः बाहेरच्या भिंतीवर. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पुसा.

पिकअप बदलायची घाई सर्वांना होते. त्याआधी त्यांची उंची लावा. पहिली आणि सहावी तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा आणि तारेच्या खालच्या कडेपासून पिकअपपर्यंत मोजा: नेककडे साधारण २.४ मिलिमीटर, ब्रिजकडे १.६. बाजूचे दोन स्क्रू फिरवून पिकअप वरखाली होतो. नेकचा पिकअप तारांच्या फार जवळ असेल तर आवाज गढूळ आणि फुगलेला येतो, आणि तुम्हाला वाटतं पिकअपच वाईट आहे. तो अर्धा मिलिमीटर खाली घ्या, टोन सातवर, व्हॉल्यूम सहावर ठेवा आणि दहाव्या फ्रेटवरचा तो षड्ज पुन्हा वाजवून बघा.